शीहानाच्या खुरांची मेंदी

सुजाता लोमटेने काढलेलं चित्र कधी खोटं बोलत नाही, हे वाक्य कुवेतमध्ये सगळ्यांत जास्त वेळा कुणी म्हटलं असेल, तर ते खुद्द सुजाता लोमटेनेच. पण तिला ते शोभायचं. ती राहायची त्या खैतान भागातल्या मराठी बायका म्हणायच्या, बाई जरा तोंडाळ आहे खरी, पण कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. तोंडाळ माणसाचं काम चोख असलं की मोठी पंचाईत होते, त्याला नावं ठेवायची सोयच उरत नाही.

बरीच वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळात एमआरआयचं यंत्र चालवलं. माणसं त्या बोगद्यात जायची आणि आतून हाका मारायची. कुणाचा जीव गुदमरायचा, कुणाला नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटायची. मग जहरा गावाच्या वाटेवर घोड्यांचं इस्पितळ निघालं. तिथे घोड्यांसाठीचं तसलंच यंत्र आलं आणि ते चालवणारं माणूस काही मिळेना. सुजाताने अर्ज टाकला. तिचा नवरा नीलेश बँकेत नोकरीला, स्वभावाने सरळमार्गी. त्याने विचारलं, माणसं संपली का सगळी? ती म्हणाली, घोडा निदान अजून किती वेळ लागेल असं विचारत नाही. आणि पुढच्या महिन्यात ती तिथे रुजू झाली.

घोड्याचं यंत्र बोगद्यासारखं नसतं. घोड्याला आडवं करायचं नाही. गुंगीचं औषध देऊन उभंच ठेवायचं आणि दोन जाडजूड चुंबकांच्या मधे त्याचा एक पाय ठेवायचा. एक्स-रेमध्ये खुरातलं हाड दिसतं, पण हाडाभोवतीची सूज, मऊ पापुद्रे, पू, हे सगळं दिसतं ते या यंत्रात. फक्त जवळपास लोखंड असता कामा नये. नाल काढायची, खिळे काढायचे, खिळ्यांची भोकं धुवायची आणि वर एक्स-रे काढून बघायचं, एखादं टोक मोडून आत राहिलं नाही ना. कारण लोखंडाचा कण जरी खुरावर राहिला, तरी चित्रात त्याच्याभोवती कणाच्या कैकपट मोठा काळा डाग पडतो आणि त्या डागाखाली जे असेल ते दिसेनासं होतं.

म्हणून सुजाताच्या एप्रनच्या खिशात कायम एक छोटा लोहचुंबक असायचा. घोड्याचा दोर, म्होरकी, घोडा धरणाऱ्याचा पट्टा, खिसे, सगळ्यांवरून तो फिरायचा. एकदा तर तिने एका शेखच्या भाच्याला दारातच उभं करून त्याच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. ती कुणाला सोडायची नाही.

तर या इस्पितळात अबू नासिरची घोडी आली. अबू नासिर, म्हणजे नासिरचे वडील, हे जहराकडचे एक म्हातारे गृहस्थ. त्यांचे आजोबा गलबतातून घोडे घेऊन मुंबईला विकायला जायचे, त्यामुळे घरात मुंबईची हिंदी शिरलेली, आणि म्हातारबा अजून ती झोकात बोलायचे. घोडीचं नाव शीहाना. करड्या अंगाची, पांढऱ्या खुरांची, डोळे असे की समोरच्याने आपण होऊन बाजूला व्हावं. अबू नासिरची बायको हयात असताना रोज संध्याकाळी हिला स्वतःच्या हाताने खजूर भरवायची. बायको गेल्यावर ते काम म्हातारबांनी घेतलं. त्यात एक दिवसाचा खाडा नाही, असं बंडू सांगायचा.

बंडू हा शीहानाचा मोतद्दार. खरारा, दाणापाणी, फिरवणं, सगळं त्याच्याकडे. मूळचा अकलूजचा, घोडेबाजारात लहानाचा मोठा झालेला. पहिल्याच दिवशी घोडी मागे सरकली तेव्हा सुजाताच्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि बंडू म्हणाला, ताई, तुम्ही आपल्याकडच्या? तेव्हापासून ती त्याची ताई झाली. सुजाताचं अंबाजोगाई आणि बंडूचं अकलूज यांच्यामध्ये किती कोस पडतात ते सोडा, परमुलखात तेवढंही अंतर उरत नाही.

शीहानाचं दुखणं असं की एका दुपारी कोठीचं दार उघडं राहिलं आणि तिने जवाच्या पोत्यात तोंड घालून पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं. घोड्याचं पोट बिघडलं की ते पायावर उतरतं. माणसाचं नख जसं मांसाला धरून असतं, तशी घोड्याच्या खुराची भिंत आतल्या हाडाला नाजूक पापुद्र्यांनी धरून असते. ते पापुद्रे सुजले आणि सुटले, की हाड खाली सरकतं, आणि मग घोडा उभा राहू शकत नाही. डावा पुढचा पाय सुजला होता. उजवा थोडक्यात वाचला. सुजाताने दोन्ही पायांची चित्रं काढली; उजवा स्वच्छ, डाव्यात सुजेचा जाड पांढरा पट्टा, पण हाड जागेवर. डॉक्टर नौमान म्हणाले, घोडी वाचेल, पण वेळ द्यावा लागेल. हे डॉक्टर मूळचे लाहोरचे, हळू बोलणारे, हुशार आणि सावध. त्यांनी बर्फ, औषधं, मऊ वाळू, मोजकं गवत असं सगळं सांगितलं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा चित्र काढायचं ठरलं.

आता मेंदीचं. अबू नासिरच्या वडिलांच्या तबेल्यात उन्हाळा लागला की घोड्यांच्या खुरांना मेंदी लावायचे. खूर थंड राहतो आणि टणक होतो, अशी त्यांची समजूत. म्हातारबांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, बाहेरून लावायचा पाला आहे, खुशाल लावा. बंडूने बाजारातून पाकीट आणून मेंदी लावली, तर पांढऱ्या खुरांवर ती गाजरासारखी केशरी दिसायला लागली. अबू नासिरना ते मुळीच आवडलं नाही. त्यांच्या वडिलांच्या घोड्यांचे खूर म्हणे पिकल्या जांभळासारखे काळे दिसायचे. बंडू हिरमुसला आणि ताईकडे आला.

आणि मेंदी म्हटलं की सुजाताच्या अंगात यायचं. खैतानमध्ये कुणाकडे लग्न असो की वाढदिवस, केसांना लावायची मेंदी सुजाताच्या घरून जायची. तिचा रंग असा चढायचा की विकतचा कलप झक मारेल. त्याचं गुपित विचारलं तर ती नाकाने कांदे सोलत सांगायची: काळ्या चहाचं पाणी, आवळ्याची पूड आणि माहेरची लोखंडी कढई. मेंदी कढईत मुरली पाहिजे, आणि काढताना तळ उलथन्याने चांगला खरवडून घेतला पाहिजे, कारण खरा रंग तळाशी. कढईला गंज धरला असेल तर उत्तमच, असं तिची आई सांगायची. कढई बाल्कनीत पडून पडून गंजली होतीच. सुजाताने भला मोठा डबा भरून मेंदी बंडूच्या हातात दिली आणि बजावलं, चारही खुरांना दोनदा लाव, पण वर केसांच्या रेषेपासून बोटभर जागा सोड, कातडीला लागली तर आग होईल.

खूर पिकल्या जांभळासारखे झाले. अबू नासिरनी ते पाहून स्वतःच्या बोटांचं चुंबन घेतलं आणि सुजाताला डबाभर खजूर धाडले. ती आठवडाभर त्या कौतुकाने फुलून होती.

ठरल्या दिवशी सकाळी शीहाना पुन्हा आली. चालताना डावा पाय आधीपेक्षा बरा टाकत होती, पण सकाळीच तिला दुखणं मारायचं औषध दिलेलं होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. एक्स-रे झाला, खिळ्याचा तुकडा वगैरे काही नाही. सुजाताने चुंबक काढून दोर तपासला, म्होरकी तपासली, बंडूचे खिसे तपासले. सगळं ठीक. घोडीला गुंगी दिली, डावा पाय चुंबकांच्या मधे ठेवला आणि यंत्र चालू केलं.

पडद्यावर चित्र उमटलं आणि सुजाता खुर्चीतून पुढे वाकली. खुराच्या पुढच्या भिंतीशी काळंकुट्ट भगदाड. जिथे सुजेचा पट्टा होता तिथे आता काहीच नव्हतं, नुसता अंधार. तिने पाय नीट बसवून पुन्हा चित्र काढलं. पुन्हा तेच. तेवढ्यात डॉक्टर नौमान मागे येऊन उभे राहिले आणि दोन्ही चित्रं आळीपाळीने बघू लागले.

मग त्यांनी हळूहळू हिशोब मांडला. एवढं काळं येतं ते लोखंडामुळे किंवा हवेमुळे. लोखंड असतं तर एक्स-रेमध्ये दिसलं असतं. म्हणजे हवा; तिचे बारीक बुडबुडे एक्स-रेमधून निसटू शकतात. म्हणजे भिंतीच्या आत कुजलंय, पू झालाय आणि त्यात हवा धरलीय. सुजाता म्हणाली, यंत्रात काही बिघाड असेल, एकदा तपासून घेऊ, उद्या परत काढू. डॉक्टर म्हणाले, कुजलेलं उद्यापर्यंत थांबत नाही, हाडापर्यंत जातं. आणि मग सहज, अगदी मनापासून म्हणाले:

"सुजाता, तुमचं चित्र खोटं बोलत नाही. तुम्हीच तर सांगता."

बाहेरच्या खोलीत अबू नासिर हातात जपमाळ घेऊन बसले होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. खुराची पुढची भिंत आजच कापून काढावी लागेल, म्हणजे आतलं कुजलेलं मोकळं होईल. पण आधीच सुजलेला पाय, त्यात भिंत गेली तर हाडाला धरून ठेवणारं फार थोडं उरेल. घोडी उभी राहिली तर राहिली. नाही राहिली, तर तिला त्रासातून सोडवावं लागेल. म्हातारबांनी माळ मुठीत आवळली. ते एवढंच म्हणाले की कापताना मी तिच्या तोंडाशी उभा राहीन, मला बाहेर काढू नका. डॉक्टरांनी नालबंद अशरफला फोन करून हत्यारं घेऊन यायला सांगितलं. बंडू भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता, आणि सुजाताला त्याच्याकडे बघवेना.

ती परत पडद्यापुढे जाऊन बसली. असं होणारच नाही, ती स्वतःशी म्हणत होती. घोडी बरी चालतेय आणि चित्र बिघडतंय, हे जमत नाही. तिने चित्र मोठं केलं, आडवं बघितलं, उभं बघितलं. आणि तिला एक गोष्ट खटकली. तो काळा डाग वर जाऊन एका रेषेत थांबत होता. पू असा रेषेत थांबत नाही. पू वाट फुटेल तिकडे जातो. हा डाग सरळ थांबला होता, केसांच्या रेषेच्या बरोबर बोटभर खाली.

बोटभर खाली. अरे देवा.

तिच्या डोळ्यांसमोर कढई आली, उलथनं आलं, तळ खरवडतानाचा तो खर्र खर्र आवाज आला. गंज, कढईचे पापुद्रे, लोखंडाचा पिठासारखा बारीक कीस, सगळं मेंदीत, आणि त्या मेंदीचे दोन हात शीहानाच्या खुरावर. पिठाइतकं बारीक लोखंड एक्स-रेला दिसत नाही. चुंबकाला मात्र त्यातला कणन्‌कण कळतो. आख्ख्या इस्पितळाची झडती घेणाऱ्या बाईने स्वतःच्या डब्याची झडती घेतली नव्हती. घरच्या वस्तूची झडती कोण घेतं?

आता गंमत बघा. ही गोष्ट जगात तिच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हती. मेंदी लावलीय हे डॉक्टरांना ठाऊक होतं, त्यांनीच परवानगी दिली होती. पण मेंदी म्हणजे पाला, त्यावर कुणाचा संशय जाणार? कढईचं गुपित एकट्या सुजाताचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने गप्प बसायचं, खूर कापला जायचा, आत पू निघाला नाही तर डॉक्टर म्हणणार नशीब, आणि सुजाता लोमटेचं नाव जसंच्या तसं राहणार. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिच्या मनात हे येऊन गेलं. बिघाड यंत्राचा असं पुन्हा एकदा रेटून बघावं, हेही आलं. पण काचेच्या पलीकडे शीहाना गुंगीत मान खाली घालून उभी होती, तिचा ओठ लोंबत होता, आणि म्हातारबा तिच्या कपाळाला कपाळ लावून काहीतरी पुटपुटत होते. सुजाता उठली.

अशरफ तोवर हत्यारांची पेटी घेऊन पोचला होता. सुजाता सरळ डॉक्टर आणि अबू नासिर यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना कळेल अशा हिंदीत म्हणाली:

"थांबा. तो पू नाही आणि हवाही नाही. ते लोखंड आहे, आणि ते माझ्या कढईतलं आहे."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मेंदी पाला आहे, पाल्याला चुंबक ओळखत नाही, ते म्हणाले. सुजाता म्हणाली, पाल्याला नाही ओळखत, गंजाला ओळखतो. मग तिने काही न लपवता सगळं सांगितलं. कढई कशी गंजलेली, तळ कसा खरवडला, डबा कसा दिला, बंडूला बोटभर जागा सोडायला कशी सांगितली, आणि चित्रातला डाग नेमका तिथेच कसा थांबतो. सांगताना तिचे कान तापले होते. बंडू आ वासून बघत होता. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कापायला उशीर झाला आणि हे खरं नसलं, तर घोडी हातची जाणार होती.

अबू नासिरनी माळ खिशात ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं:

"मुली, तुला खात्री आहे म्हणून बोलतेस, की तुला वाईट वाटतंय म्हणून?"

"वाईटही वाटतंय, बाबा, आणि खात्रीही आहे," सुजाता म्हणाली. "तिचा उजवा पाय धड आहे, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यालाही माझीच मेंदी आहे. आता त्याचं चित्र काढू. तोही असाच काळा आला तर दोष माझ्या कढईचा. स्वच्छ आला तर मी खोटी, आणि मग तुम्ही खुशाल कापा."

म्हातारबांनी डॉक्टरांकडे बघून मान हलवली. एक चित्र काढायला कितीसा वेळ लागतो, ते म्हणाले.

उजवा पाय चुंबकांच्या मधे ठेवला. शीहानाची गुंगी थोडी उतरली होती, ती डोलायला लागली आणि पहिलं चित्र हललं. बंडूने घोडीच्या मानेवर हात ठेवून अकलूजच्या बोलीत तिला समजावलं, राहा गं माझे बाय, राहा जरा. घोडी स्थिर झाली. दुसरं चित्र उमटलं, आणि धडधाकट पायाच्या जागी काळंकुट्ट भगदाड दिसलं, वर बोटभर जागा सोडून सरळ रेषेत थांबलेलं. इतकं भिकार चित्र सुजाताने उभ्या जन्मात काढलं नव्हतं, आणि एवढा आनंदही तिला कुठल्या चित्राने दिला नव्हता.

पण डॉक्टर नौमान सावध माणूस. ते म्हणाले, खुरावर लोखंड आहे हे पटलं. डाव्या पायात त्या लोखंडाखाली पू नाही, हे मात्र अजून कुणी दाखवलेलं नाही. बरोबरच होतं ते. सुजाता म्हणाली, मग मेंदी उतरवू आणि दाखवते. अशरफने लगेच कानस उचलली, तर तिने त्याचा हात धरला. कानस लोखंडाची, तिचा कीस चिकटला तर पुन्हा तीच रड. तिने स्टोअरमधून पॉलिश पेपर मागवला, खाली पांढरा कपडा अंथरला आणि स्वतः फरशीवर फतकल मारून बसली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने अशरफ. थोड्या वेळाने डॉक्टरही बाह्या सरसावून खाली बसले. म्हातारबा घोडीचं डोकं छातीशी धरून उभे होते.

जांभळा रंग उतरत गेला आणि कपड्यावर काळपट भुकटी साचली. सुजाताने खिशातला चुंबक काढला, एका पातळ पिशवीत गुंडाळला आणि भुकटीवर धरला. चुंबकाला बारीक काळी लव उभी राहिली. ती लव अबू नासिरपुढे धरून सुजाता म्हणाली, ही माझी कढई. म्हातारबांनी वाकून नीट बघितलं. त्यांच्या खांद्यांचा ताण सैल झालेला बंडूला दिसला.

खूर पांढराशुभ्र झाला. धुतला, पुसला, वाळवला. घोडीला पुन्हा थोडी गुंगी दिली, डावा पाय जागेवर ठेवला. या खेपेला सुजाताने चुंबक आधी स्वतःच्या हातांवरून, कपड्यांवरून फिरवला आणि मगच यंत्र चालू केलं. सगळे पडद्याशी गोळा झाले होते.

चित्र उमटलं. काळं काही नाही. भिंत अखंड, हाड जागेवर, आणि सुजेचा तो जाड पट्टा आता दोऱ्याइतका बारीक. शीहाना सडत नव्हती. ती बरी होत होती.

डॉक्टर नौमाननी चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा घातला, पुन्हा बघितलं. मग ते उठले आणि म्हातारबांना म्हणाले, कापायचं नाही. अशरफने न सांगता पेटी बंद केली. अबू नासिरनी शीहानाच्या मानेत तोंड खुपसलं आणि त्यांची पाठ हलायला लागली. सुजाताला वाटत होतं आपण आता हसू, ऐटीत काहीतरी बोलू; पण तिला एकदम रडूच फुटलं. केवढं थोडक्यात वाचलं होतं सगळं, आणि तेही तिच्या एका बढाईपायी गेलं असतं. बंडू घाबरून म्हणाला, ताई, मीच लावली ना ती मेंदी, माझंच चुकलं. ती नाक पुसत म्हणाली, तू सांगितलं तस्सं केलंस रे. सांगणारी मी होते.

जरा वेळाने चहा आला. डॉक्टर कप हातात घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले आणि मिशीत हसत त्यांनी विचारलं, मग आज चित्र खोटं बोललं म्हणायचं का? एव्हाना सुजाता सावरली होती, आणि सावरलेल्या सुजाताला गप्प बसवणं कुणाला जमलंय?

"चित्र खरंच बोललं, डॉक्टरसाब. त्याने माझी कढई दाखवली. मलाच ओळखायला वेळ लागला."

घरी तिने नीलेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता ती कढई फेकून दे. ती म्हणाली, का म्हणून? कढईने काय केलंय बिचारीने? तिने ती घासूनपुसून परत बाल्कनीत ठेवली आणि त्या आठवड्यात शेजारच्या अर्चनाच्या केसांना मेंदीही भिजवून दिली. मात्र अर्चनाला तिने चारचारदा बजावलं, डोकं दुखून कधी एमआरआय काढायची वेळ आली, तर आधी मला फोन कर. अर्चना म्हणाली, काहीही काय अभद्र बोलतेस. सुजाता म्हणाली, अभद्र वाटू दे, पण कर.

शीहाना दोनेक महिन्यांत वाळूवर सैल सोडण्याइतकी बरी झाली. पहिल्या दिवशी ती रिंगणात उतरली तेव्हा डॉक्टर, अशरफ, बंडू सगळे कठड्याशी उभे होते. आधी चार पावलं जपून टाकली तिने, मग मान उडवली, आणि मग जी सुटली ती धुरळा उडवत पार पलीकडच्या टोकाला. बंडूने शिट्टी मारली.

अबू नासिर सुजाताजवळ आले. त्यांच्या एका हातात मेंदीचं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात पांढरंशुभ्र चिनी मातीचं भांडं, निळ्या काठाचं, घरातल्या जुन्या कपाटातून काढल्यासारखं. त्यांनी सांगितलं की भांडं नासिरच्या आईचं आहे. मग दोन्ही वस्तू पुढे करून ते म्हणाले:

"तिला मेंदी लागेल ती तुझ्याच हातची. रंग केशरी आला तरी चालेल."

जिने एवढा घोळ घातला, तिच्याच हातची मेंदी म्हातारा मागत होता, आणि तीही बायकोच्या भांड्यात. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. मग कठड्यावर ठेवलं, खिशातून चुंबक काढला आणि भांड्याच्या काठावरून, तळावरून, पाकिटावरून सावकाश फिरवला. शेवटी तिने एप्रनच्या बाह्या वर केल्या आणि चुंबक स्वतःच्या दोन्ही हातांवरून फिरवला, बांगड्यांपासून बोटांपर्यंत.

"हात कशाला?" त्यांनी विचारलं.

"तिथूनच सुरुवात करायला हवी होती, बाबा," ती म्हणाली, आणि भांडं उचलून पाणी आणायला गेली.